भाडेपट्ट्याचा ‘खरा मालक’: दस्तात काय लिहावं?

सांगलीच्या एका वाचकाने विचारलंय: कुपवाड एमआयडीसीतल्या प्लॉटचा भाडेपट्टा दोघा भागीदारांपैकी एकाच्या नावावर आहे, पैसा मात्र भागीदारी संस्थेच्या खात्यातून गेला. आता ते रीतसर लिहून ठेवायचंय. मसुद्यात संस्थेला ‘खरा मालक’ म्हणावं की ‘लाभार्थी मालक’?

दोन्ही नको. एमआयडीसीच्या जमिनीची मालकी महामंडळाकडेच राहते. ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतो तो पट्टेदाराचा हक्क. ‘मालक’ लिहिलं की वाक्य तिथेच चुकतं. ‘लाभार्थी’ म्हटलं की घरकुलाची यादी डोळ्यांपुढे येते. ‘भोगवटादार’ तर सातबाऱ्यावरचा, त्याचा महसुली अर्थ वेगळाच. मी ‘भाडेपट्टा हक्काची हिताधिकारी’ असं लिहीन. शब्द कानाला जड आहे खरा, पण त्यात हितही आहे आणि अधिकारही.

सगळ्यात जपायचं ते ‘नावापुरता’ या शब्दाला. “पट्टा नावापुरता माझ्या नावावर आहे,” असं आपण सहज बोलून जातो. पण नाव एकाचं, पैसा दुसऱ्याचा आणि फायदाही त्या दुसऱ्याचाच, हेच तर बेनामी व्यवहाराचं वर्णन! १९८८च्या बेनामी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. आता मालमत्तेतला कुठलाही हक्क किंवा हितसंबंध, म्हणजे पट्टासुद्धा, त्याच्या कक्षेत येतो आणि शिक्षा १ ते ७ वर्षं सक्तमजुरीची आहे. मात्र विश्वस्त, भागीदार, कंपनीचा संचालक अशा विश्वासाच्या नात्याने दुसऱ्यासाठी मालमत्ता धारण करणाऱ्याला हाच कायदा वगळतो. म्हणून नातं स्पष्ट लिहा: ‘सदर भाडेपट्टा हक्क मी भागीदार या नात्याने, संस्थेच्या निधीतून घेतला असून संस्थेच्या हितासाठी विश्वस्त म्हणून धारण करीत आहे.’ संस्थेच्या हिशेबवह्यांत ती रक्कम दिसायला हवी. नुसत्या शब्दांनी काही सिद्ध होत नाही.

दस्ताला अनेक जण ‘प्रतिज्ञापत्र’ म्हणतात आणि नोटरीचा शिक्का घेऊन मोकळे होतात. इथे हवं ते ‘विश्वस्त घोषणापत्र’. १८८२च्या भारतीय न्यास अधिनियमानुसार स्थावर मिळकतीवरचा न्यास लेखी, सहीचा आणि नोंदणीकृत लागतो, म्हणजे गाठायचं ते दुय्यम निबंधकाचं कार्यालय. त्याआधी मूळ पट्ट्यातल्या हस्तांतरणाच्या अटी वकिलांकडून वाचून घ्या. महामंडळाची पूर्वपरवानगी लागेल असं एखादं कलम मसुद्यात शिरलं असेल, तर ते तेव्हाच कळायला हवं.