स्लाइड आपणहून चमकते तेव्हा

पावसाळ्याआधी प्रबंधांची घाई सुरू झाली की पत्रांतून तोच गोंधळ येतो: फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी ऊतीची स्वतःची चमक, म्हणजे ऑटोफ्लुरोसन्स, आपण लावलेल्या रंगाची समजली जाते.

आंब्याच्या पानाचा सेक्शन (पातळ काप) लाल दिसतो. आम्ही लाल रंग लावलाच नाही. (दापोली)

ते हरितद्रव्य आहे. अल्कोहोलमध्ये पान पांढरं पडेपर्यंत ठेवा. मात्र शिरांमधल्या लिग्निनची (लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकाची) निळसर-हिरवी चमक त्यानंतरही राहील.

बांगड्याच्या यकृतात अँटिबॉडीने छान हिरवे ठिपके मिळाले. कंट्रोल (तुलनेसाठीची स्लाइड) राहून गेला. प्रबंध पुढच्या आठवड्यात आहे, फोटो चालेल का? (मालवण)

नाही चालणार. माशांच्या यकृतात, प्लीहेत आणि मूत्रपिंडात रंगद्रव्यं साठवणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. त्यांतलं लिपोफ्युसिन (जुन्या पेशींत साठणारं रंगद्रव्य) कुठलाही रंग न लावता ठिपक्याठिपक्यांनी चमकतं. तुम्हाला नेमकं तेच दिसलं नसेल कशावरून? आधी तीच जागा लाल फिल्टरमधून पाहा. लिपोफ्युसिनची चमक एकाच रंगात नसून अनेक रंगांत पसरलेली असते, त्यामुळे ठिपके तिथेही उमटले तर संशय पक्का धरा. मग त्याच माशाच्या, त्याच ब्लॉकच्या (ज्यातून काप घेतले त्या तुकड्याच्या) आणखी दोन स्लाइड करा: एक काहीही न लावलेली, दुसरी फक्त दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला चिकटणारी, चमकता रंग जोडलेली) लावलेली. तिन्हींचे फोटो एकाच एक्स्पोजरला आणि एकाच गेनला (कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेला) घ्या. ऑटो एक्स्पोजर बंद म्हणजे बंद, नाहीतर कॅमेरा अंधारी स्लाइडही उजळ करून दाखवतो. सॉफ्टवेअरमध्ये बॅकग्राउंड पुसून ही चूक झाकू नका. कंट्रोल ही फावल्या वेळात करायची गोष्ट नव्हे, पहिल्याच दिवशी करायची. मार्गदर्शकांना आजच स्पष्ट सांगा आणि मुदत मागून घ्या.

चमक दाबणारा सुदान ब्लॅक हा काळा रंग अँटिबॉडीच्या आधी लावायचा की नंतर? (रत्नागिरी)

नंतर. 70 टक्के अल्कोहोलमध्ये 0.1 ते 0.3 टक्के. पुढच्या धुण्यात डिटर्जंट नको, रंग निघून जातो. दूर-लाल (लाल रंगाच्या अगदी टोकाच्या) फिल्टरमध्ये तो स्वतःच बॅकग्राउंड वाढवतो, म्हणून आधी एका जादा स्लाइडवर पाहा.

सोडियम बोरोहायड्राइडने सगळी चमक जाते असं सिनियर म्हणतात. (वेंगुर्ले)

सिनियरनी कुणाकडून ऐकलं? ते मुख्यतः फॉर्मलिन किंवा ग्लुटराल्डिहाइड या ऊती टिकवणाऱ्या द्रव्यांमुळे आलेल्या चमकेसाठी आहे, आणि तिथेही हमखास नाही. लिपोफ्युसिनवर त्याचा भरवसा धरू नका. द्रावण ताजंच लागतं, त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, सेक्शन काचेवरून सुटू शकतो. फ्यूम हूडशिवाय आणि प्रयोगशाळा प्रमुखांना विचारल्याशिवाय डबा उघडू नका.

विक्रेता म्हणतो, एकच किट कुठल्याही ऊतीची चमक घालवतं. घ्यावं का? (अलिबाग)

पैसे देऊ नका. हरितद्रव्य, कोलॅजन, रक्तपेशी, लिपोफ्युसिन यांची चमक वेगवेगळ्या कारणांनी येते. सगळ्यांवर एकच औषध कसं चालेल? नमुन्याची बाटली मागा, तुमच्याच ऊतीवर कंट्रोलसह लावून दाखवायला सांगा, आणि तो निकाल सूक्ष्मदर्शक चालवणाऱ्या जाणकाराला दाखवूनच खरेदीचं ठरवा. तोवर अँटिबॉडीसाठी दूर-लाल रंग निवडता येईल का, हे त्यांनाच विचारा. प्राण्यांच्या ऊतींची बरीचशी चमक निळ्या-हिरव्या भागात असते. वनस्पतींना हा उपाय लागू नाही, कारण हरितद्रव्य 680 नॅनोमीटरच्या आसपासच चमकतं.

बाजारातली मासळी चालेल का? (गुहागर)

नाही. बंदरावर होडी लागताच घेतलेलीसुद्धा किती तासांपूर्वी पकडली ते तांडेलांना विचारा. शक्य असेल तर फॉर्मलिनची बाटली होडीवरच द्या आणि तुकडे 5 मिलिमीटरपेक्षा जाड नकोत. एक-दोन दिवसांत ते बाहेर काढा. महिनोन्महिने फॉर्मलिनमध्ये पडलेला जुना तुकडा मला पाठवून ‘चमक का वाढली’ असं कृपया विचारू नका.