वाचक विचारतात : कन्फ्यूशियसच्या मंदिरातले दगडी ग्रंथ

प्रश्न : शिआनच्या सहलीत कन्फ्यूशियसच्या जुन्या मंदिराच्या आवारात लेख कोरलेल्या उंच शिळांची रांग पाहिली. गाइड म्हणाला, ही पुस्तकेच आहेत. पुस्तकांसाठी एवढे दगड कशाला फोडायचे?
— एक वाचिका, नाशिक

पाठभेदांना आळा घालण्यासाठी. ग्रंथ हाताने उतरवले जात, त्यामुळे दोन प्रती कधी तंतोतंत जुळत नसत. चीनच्या हान राजवटीत तर वादात आपला पाठ खरा ठरावा म्हणून राजग्रंथालयातल्या प्रतीतली अक्षरे पैसे चारून बदलून घेण्यापर्यंत काहींची मजल गेली होती! त्यावर उपाय म्हणून इ.स. 175 ते 183 मध्ये लोयांग या राजधानीत कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ दगडावर कोरले. त्यांचे आज तुकडेच उरले आहेत.

तुम्ही पाहिलेत ते नंतरच्या थांग राजवटीतले, 837 साली पूर्ण झालेले ‘कायछंग’ शिलाग्रंथ. 114 शिळा, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, 12 ग्रंथ आणि साडेसहा लाखांहून अधिक अक्षरे. 1087 मध्ये ते आजच्या जागी आणले. 1556 च्या भूकंपात बऱ्याच शिळा मोडल्या, तेव्हा हरवलेली अक्षरे पुढे लहान दगडांवर कोरून घेतली.

पुन्हा जाणार असाल तर मांडणी बघा. प्रत्येक बाजूवर आठ आडवे पट्टे आहेत. पट्ट्यात साधारण 37 उभ्या ओळी, ओळीत 10 अक्षरे आणि वाचन उजवीकडून डावीकडे. अशा आखूड ओळींचा ठसा (दगडावर कागद बसवून घेतलेली शाईची छाप) कापून पुस्तकासारखा बांधता येतो. ‘प्रजा’ या अर्थाचे ‘मिन’ हे अक्षरही शोधा. त्याची एक रेघ मुद्दाम गाळलेली आढळते. थांग घराण्यातल्या सम्राट थायत्सुंगचे नाव ली शिमिन, आणि सम्राटाच्या नावातले अक्षर पूर्ण लिहायचे नाही असा दंडक होता.

प्रश्न : अशा शिळेचा ठसा नेमका कसा घेतात? आम्ही गावातल्या वीरगळावर करून पाहिला, तर सगळा काळा डाग उमटला.
— एक शिक्षक, सातारा

कागद ओला असतानाच शाई लावली असणार. ठसे बहुधा तिथेच बिघडतात.

चिनी पद्धत अशी. दगड कोरड्या, मऊ ब्रशने झाडायचा. तारेचा ब्रश किंवा आम्ल चुकूनही नको. पातळ पण चिवट शुआन कागद ओलसर करून वरून खाली, मधून कडेकडे बसवायचा आणि हवेचे फुगे बाहेर काढायचे. पाण्यात एका ऑर्किडच्या कंदाचा काढा मिसळतात. त्याने कागद धरून राहतो आणि शेवटी न फाटता सुटतो. मग वर नमदा ठेवून ब्रशने ठोकायचे, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचेत उतरतो.

आता थांबायचे. कागदाचा ओला करडेपणा जाऊन तो पांढुरका दिसू लागला, पण हाताला अजून गार लागतो, ही ती वेळ. त्याआधी शाई लावली तर ती खाचेत पसरते आणि झिरपून दगडही काळा करते. फार उशीर झाला तर कागद सुटून सरकतो आणि अक्षरांना दुहेरी कडा येते.

कापूस रेशमात बांधून केलेल्या बोंडाला शाई लावायची, ती दुसऱ्या बोंडावर टेकवून सारखी करायची आणि आधी रद्दी कागदावर पाहायची. मग नुसते टिपत जायचे, घासायचे नाही. एकदम गडद करू नका. तीन-चार हलके हात द्या. अक्षरे काळ्यावर पांढरी आणि सुलटच उमटतात. आपले पुरालेखवेत्तेही याच तत्त्वावर ठसे घेतात.

वीरगळावर मात्र पुन्हा प्रयोग नको. प्रत्येक ठोकणीने दगड थोडा झिजतो, आणि भुसभुशीत दगडाचे तर पापुद्रेच निघतात. संरक्षित स्मारक असेल तर परवानगी लागते. तिरप्या उजेडात काढलेल्या फोटोवर बहुतेक अक्षरे वाचता येतात.

प्रश्न : दुकानातला ‘जुना’ ठसा घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

शोभेसाठी खुशाल घ्या, जुना म्हणून नको. चीनमध्ये संग्राहक ठशांना ‘काळा वाघ’ म्हणतात, कारण त्यात भल्याभल्यांचे पैसे बुडतात. जे अक्षर दगडावरून आज झिजले आहे ते ठशात शाबूत असेल, तर ठसा जुना, हा मूळ नियम. फसवणारेही तोच वापरतात: झिजलेल्या जागी मेण भरून ठसा घेतात, किंवा शाईने अक्षराच्या रेघा नीट करतात. कागद उजेडासमोर धरा. ठसा टिपलेला असेल तर शाईला दाणा दिसतो. ब्रशने रंगवलेली जागा सपाट दिसते.