जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही, दुरुस्तीवाला म्हणतो फॉर्मॅट मारा. मारू का?

नका मारू, भाऊ. आत्ता तरी नाही.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. २०११-१२ चा डेस्कटॉप, त्यात विंडोज ७. दिवाळीत दुकान पंधरा दिवस बंद, मेन स्विचही बंद. उघडल्यावर काळ्या स्क्रीनवर ‘प्रेस एफ१’ येतं. एफ१ दाबलं की विंडोजचं चिन्ह दिसतं, निळं काहीतरी चमकतं आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंगचं पान) तारीख २००९ ची. आणि हार्ड डिस्कमध्ये गावातल्या लोकांच्या सातबाऱ्याच्या, दाखल्यांच्या, फॉर्मच्या फाइली.

तारीख मागे गेली म्हणजे मदरबोर्डवरचा (आतला मुख्य बोर्ड) सेल संपला. रुपयाच्या नाण्यासारखा चपटा असतो, त्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असतं, ३ व्होल्टचा. घड्याळवाल्याकडेही मिळतो. मशीनला भिंतीतून लाइन मिळत असेल तोवर या सेलवर भार फारसा येत नाही. मशीनचं बटण बंद केलं तरी एसएमपीएसमधून (आतला पॉवर सप्लायचा डबा) थोडा करंट मदरबोर्डला मिळत राहतो. आपल्याकडे मात्र रात्री भिंतीवरचं बटण बंद करून घरी जायची सवय, वर तास-तास लाइन गेलेली. तेवढा वेळ घड्याळ सेलवरच चालतं. म्हणून खेड्यातल्या मशीनचे सेल लवकर बसतात.

पण तारीख चुकली म्हणून निळी स्क्रीन का यावी? खरी गंमत इथे आहे. सेल गेला की बायोसमधल्या सगळ्या सेटिंग कंपनीने दिल्या तशा होतात. त्यात ‘साटा मोड’ नावाची एक सेटिंग असते, आयडीई किंवा एएचसीआय, म्हणजे डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती. त्या काळात जुन्या विंडोज एक्सपीच्या सीडीला एएचसीआयमधली डिस्क दिसायचीच नाही, म्हणून मशीन जोडणारे सवयीने आयडीई करून ठेवत, आणि पुढे विंडोज ७ ही त्याच सेटिंगवर टाकत. आता सेल गेला, बोर्ड आपल्या मूळ एएचसीआयवर आला आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेना. विंडोज ७ इन्स्टॉल होताना जो मोड असतो त्याचाच ड्रायव्हर (डिस्क चालवणारा छोटा प्रोग्राम) सुरुवातीला उचलते, दुसऱ्याचा नाही.

खात्री अशी करा. मशीन सुरू होताना एफ८ दाबत राहा. मेनू आला की त्यात ‘डिसेबल ऑटोमॅटिक रिस्टार्ट’ अशी ओळ आहे, ती निवडा. आता निळी स्क्रीन पळून जाणार नाही. खाली ‘स्टॉप’पुढे नंबर असेल. शेवटी ७बी असेल तर बहुतेक करून मी सांगतोय तेच आहे. बायोसमध्ये जा (डिलीट नाहीतर एफ२), साटा मोड आहे त्याच्या उलटा करा, एफ१० ने सेव्ह करा. विंडोज उघडली तर काम झालं. नाही उघडली तर मोड होता तसा परत ठेवा. या अदलाबदलीने फाइलींना धक्का लागत नाही.

सेल मात्र आधी बदला, नाहीतर लाइन गेली की पुन्हा हेच. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून ठेवा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग बाजूची क्लिप अलगद सरकवली की सेल स्वतःच वर उसळतो. नवा बसवताना ‘अधिक’ची बाजू वर.

तुमचा दुरुस्तीवाला खोटं बोलत नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगतो. फॉर्मॅट मारून नवी विंडोज टाकली तर मशीन खरंच सुरू होईल, कारण ती आज जो मोड आहे त्यावर बसेल. म्हणूनच ‘फॉर्मॅटनं झालं’ हा समज पक्का झालाय. फाइली गेल्या, पैसे गेले, आणि संपलेला सेल तसाच आत.

७बी नसेल तर मग दुसरीकडे बघावं लागेल. ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ किंवा ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ असं येत असेल तर आधी मागे-पुढे खोचलेला पेनड्राइव्ह काढा. हसू नका, निम्म्या वेळा तोच असतो. मग बायोसमध्ये हार्ड डिस्कचं नाव दिसतं का ते पाहा. नाव दिसत असेल तर बूटचा क्रम (मशीन कशावरून सुरू व्हायची तो) बिघडलाय, डिस्क पहिल्या नंबरवर आणा. नावच नसेल तर साटाची वायर (डिस्क बोर्डाला जोडणारी) दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मशीन वारंवार चालू करून पाहू नका. तशा डिस्कमधून एकदाच जे निघेल ते काढायचं असतं.

स्क्रीनवर काहीच न येता नुसती बीप वाजत राहिली तर रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी. बाहेर काढून तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कपड्याने पुसा, ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दोन असतील तर एकेक लावून पाहा. पावसाळ्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये हे फार.

कॅबिनेट उघडलंच आहे तर पंखाही बघा. आमच्या यवतमाळातल्या दारव्ह्याकडे जिनिंगजवळच्या दुकानांतल्या मशीनमध्ये प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (त्याला गार ठेवणारा धातूचा ठोकळा) फटींत कापसाचे तंतू आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो, वरून पंखा फिरताना दिसतो पण हवा खाली जातच नाही. ब्रशने तो सोलून काढावा लागतो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की अशी मशीन चालू होऊन पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद पडते. पाल नाहीतर मुंगळेही निघतील, तयारीत राहा. बोर्डावर उभ्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर असतात, त्यांची डोकी फुगलेली असतील तर मात्र बोर्डच बिघडलाय समजा.

एक तपासणी बिनखर्चाची. हरभऱ्याच्या, गव्हाच्या ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या की जिथे एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) घरं आणि शेतं आहेत तिथे लाइन डिम होते. जुना एसएमपीएस तेवढ्यात सुरू होता-होताच मान टाकतो. मोटारी बंद असतील तेव्हा, पहाटे वगैरे, मशीन लावून पाहा. तेव्हा नीट चालली तर रोग कॉम्प्युटरचा नाही, स्टॅबिलायझर घ्या.

काहीही करण्याआधी फाइलींची भीती वाटत असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टिम) पेनड्राइव्ह बनवून घ्या आणि तुमची मशीन त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं चालवायचं. डिस्क उघडून दिसेल, लोकांची कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. दुरुस्तीवाल्यालाही हेच आधी करायला सांगा, आणि त्याने नाही म्हटलं तर मशीन उचलून आणा.

मशीन सुरू झाल्यावर पहिल्यांदा विंडोजमधली तारीख बरोबर करा. चुकीच्या तारखेवर बँकेच्या, सरकारी पोर्टलच्या साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडतील आणि तुम्ही नेटवाल्याशी भांडत बसाल. शिवाय विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय आणि क्रोमही तिच्यावर १०९ व्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. ही मशीन टायपिंग-प्रिंटपुरती ठेवा, पैशाचे व्यवहार दुसऱ्यावर करा.

सेल बदलून, मोड फिरवूनही निळी स्क्रीन तशीच राहिली तर तिच्यावरचा पूर्ण नंबर आणि बोर्डावर छापलेलं मॉडेल लिहून पाठवा.