होस्टेलवर मानसिक आरोग्याचा गट काढायचाय? आधी रात्रीची सोय लाव

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, नागपुरातच होस्टेलवर राहतेस आणि मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी गट काढायचा तर सुरुवात कुठून, असं विचारलंयस. १० ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या पोस्टर स्पर्धेपासून तर नकोच. रात्री दीड वाजता बाजूच्या खोलीतल्या मुलाला कुठे न्यायचं, हे स्पर्धा झाल्यावरही कोणाला माहीत नसतं.

मानसोपचार विभागातल्या एका शिक्षकांना मार्गदर्शक व्हायला तयार कर आणि डीनचं लेखी पत्र घे. रात्री कॅज्युअल्टीतून (तातडीच्या विभागातून) कोणाला कॉल जाईल, वॉर्डनना केव्हा कळवायचं, घरी फोन कोण करेल, हे त्यात स्पष्ट हवं. गटात प्रत्येक वर्षाची दोन-दोन मुलं पुरेत.

सगळ्यात जास्त वेळ ओपीडीच्या प्रश्नाला दे. आपल्याच कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत मुलं जात नाहीत, कारण पोस्टिंगला, म्हणजे त्या विभागात शिकायला आलेले बॅचमेट समोरच बसलेले असतात. नागपुरात यावर तोड निघू शकते, कारण मेडिकल आणि मेयो अशी दोन सरकारी कॉलेजं आहेत. मेडिकलच्या मुलाला मेयोत आणि मेयोच्याला मेडिकलमध्ये दाखवता यावं, एवढं दोन्ही विभागप्रमुखांशी बोलून ठरवून घे. एम्सही आहे, पण मिहान लांब पडतं.

पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली गुगल फॉर्मवर फिरवू नकोस. तिचा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कोणी शुक्रवारी रात्री तिथे ‘जवळपास रोज’ निवडलं आणि उत्तरं सोमवारी उघडली गेली, तर जबाबदारी कोणाची? उत्तर तिथल्या तिथे बघणारा माणूस नसेल तर तो प्रश्न विचारूच नये.

गटातल्यांनी ऐकायचं, उपचार करायचे नाहीत. फार्माकोलॉजी नुकतंच वाचलेलं असतं, गोळी सुचवायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, खोलीतली औषधं ताब्यात घ्या आणि कॅज्युअल्टी गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास सुरू असतो, पण असा धोका असताना फोनवर भागवू नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्दही देऊ नका. जिवाला धोका दिसला तर सांगावंच लागेल, हे आधीच बोलून ठेवा.

पोलीस केसच्या भीतीने मित्र प्रकरण लपवतात आणि उपचाराला उशीर होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ गटातल्या प्रत्येकाला समजावून सांग: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही.

कॉलेजकडे मागण्या मांडताना नुसती ध्यानाची शिबिरं मागू नकोस. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास काम आणि एक सुटी सुचवली आहे. तो अहवाल सोबत ने.

निकालाच्या दिवशी, विशेषतः पहिल्या वर्षाच्या, दोघांनी होस्टेलवर थांबायचं. तुझ्या स्वतःच्या परीक्षेच्या महिन्यात मात्र ड्युटी दुसऱ्या बॅचकडे दे. हे वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच मार्गदर्शक शिक्षकांकडे लिहून ठेव.