समुद्राचा फेस म्हणजे साबण काय ओ?

प्रश्न : सर, आम्ही खानापूरची पोरं चोर्ला घाटानं गोव्याला गेल्तो, किनाऱ्यावर पांढरा फेस साचलेला दिसला, पोरगी म्हणते केमिकल आहे, खरं काय?

उत्तर : दरवेळी केमिकल नसतंय बघा. समुद्रातली सूक्ष्म शेवाळं मेली-कुजली की त्यातनं प्रथिनं, स्निग्ध पदार्थ बाहेर पडतात, ते साबणासारखेच पाण्याच्या अगदी वरच्या थरात, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पापुद्र्यात जमतात आणि लाटेनं घुसळलं की फेस. दुधावरची साय जशी, तसंच समजा. शास्त्रज्ञ काचेची पट्टी उभी बुडवून हळू वर काढतात आणि तिला चिकटलेलं पाणी रबरानं निपटून बाटलीत घेतात, मला ही पद्धत फार आवडते, इतकी साधी! पण पापुद्रा लई महत्त्वाचा, कारण आपण सोडतो त्यातला साधारण पाव कार्बन डायऑक्साइड समुद्र ओढून घेतो तो यातनंच, आणि साय दाट झाली की ते ओढणं मंदावतं. शिवाय बुडबुडे फुटले की मिठाचे बारीक कण हवेत उडतात, त्यांच्याभोवती ढगाचे थेंब धरतात, तुमच्या जांबोटी-कणकुंबीकडं जो धो धो पाऊस पडतोय त्याच्या ढगांतही असे कण असतात, पोरीला हे जरूर सांगा.