कोंबड्या मरतायत आणि घरात ताप आहे, तर आज काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलूजवळ शेतातल्या आखाड्यावर चाळीसेक गावठी कोंबड्या होत्या, त्यातल्या अकरा तीन दिवसांत मेल्या आणि काहींचे तुरे काळेनिळे पडले. सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या, त्यांना शुगर आहे, आणि कालपासून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आहे. सहा वर्षांच्या लेकराला सर्दी आहे. उरलेल्या कोंबड्या येत्या बाजारात विकून मोकळं व्हावं का, आणि घरातल्या सगळ्यांनी फ्लूची गोळी आणून खावी का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हीचं उत्तर नाही असं आहे. कोंबड्या विकू नका, आणि गोळ्या स्वतःहून खाऊ नका. मात्र आजच दोन ठिकाणी कळवायचं आहे, एक गुरांच्या दवाखान्यात आणि एक माणसांच्या. उद्यावर ढकलू नका. मी परभणी-लातूर भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे कोंबड्यांचं अनुभवावरून लिहितो. माणसांच्या आजाराचं जे लिहिलंय ते माझ्या लेकीला दाखवून घेतलंय, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे.

आधी कोंबड्या. पटापट मरणं, तुरा आणि कल्ले निळे पडणं, डोकं सुजणं, पायाच्या नळीवर लाल डाग, अंडी एकदम बंद होणं किंवा मऊ कवचाची येणं, ही बर्ड फ्लूची लक्षणं आहेत. पण मानमोडीतही, म्हणजे राणीखेतमध्येही, असंच बरंच काही दिसतं. हिरवी हगवण, तोंड उघडून श्वास, मान वाकडी, पंख लुळे. नुसतं बघून कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. चाळीस वर्षं कोंबड्या पाळणारा म्हातारा सांगू शकत नाही आणि मीही नाही. नमुने पुण्याच्या रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात आणि खरं उत्तर तिथून येतं. गावठी कोंबड्यांत मर आली की बहुतेकदा राणीखेतच निघतो, कारण लस दिलेली नसते. त्यामुळे धीर धरा, पण ‘मानमोडीच असेल’ म्हणून गप्प बसू नका.

पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. तो लावा, नाही लागला तर तालुक्याच्या दवाखान्यात माणूस पाठवा आणि ग्रामपंचायतीत सांगून ठेवा. किती होत्या, किती मेल्या, कधीपासून, आणि शेवटची लस कधी दिली, एवढं सांगा. डॉक्टर येईपर्यंत मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर, नाल्यात किंवा कालव्यात टाकू नका. कुत्रं, मांजर, डुक्कर तिथपर्यंत पोचतंच. नागपूरच्या गोरेवाड्यात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले, म्हणजे हा विषाणू मांसाहारी जनावरांनाही सोडत नाही. नाक-तोंडाला घट्ट फडकं किंवा मास्क, हातात प्लास्टिकची पिशवी घालून मेलेलं पाखरू दुहेरी पिशवीत बांधा आणि सावलीत, लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. ताजं मेलेलं एखादं तपासणीला लागेल. बाकीच्यांसाठी डॉक्टर खोल खड्डा घ्यायला सांगतील, वरून चुना टाकून बुजवायचा. जिवंत कोंबड्या खुराड्यातच ठेवा, मोकळ्या सोडू नका. ही सगळी कामं घरातल्या एकाच तब्येतीने धडधाकट माणसाने करावीत. सासूबाईंनी आणि लेकराने खुराड्याकडे फिरकायचं नाही.

विकण्याचा मोह मला समजतो. गावठी कोंबडीचे पैसे घरातल्या बाईच्या हातात येतात, त्यातूनच लेकराची वही आणि सासूचं औषध निघतं. पण आजाराच्या वाटेवरची कोंबडी बाजारात वरून चांगली दिसते आणि डालग्यात शेजारच्या चार गावांच्या कोंबड्यांबरोबर बसते. संध्याकाळी त्या चारही गावांत रोग पोचलेला असतो. न विकलेली कोंबडी लोक परत घरी आणून आपल्या खुराड्यात सोडतात, हा तर फैलावाचा राजमार्ग आहे. शिवाय बर्ड फ्लू निघाला तर सरकारी पथक ज्या जिवंत कोंबड्या नष्ट करतं, त्यांची भरपाई मिळते. ती केंद्र आणि राज्य मिळून देतं. पथक येण्याआधी मेलेल्या कोंबड्यांची मिळत नाही. म्हणजे लपवण्यात तुमचंच नुकसान आहे. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबत २००९ चा केंद्रीय कायदा आहे, त्यानुसार असा रोग कळवणं मालकावर बंधनकारकच आहे, पण कायद्याच्या भीतीपेक्षा ही भरपाईची गोष्ट शेजारणींना सांगा, ती जास्त पटते.

आपल्या भागात हे कधी झालं नाही असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात बचत गटाच्या पोल्ट्रीवर आठ-नऊशे कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला. एक किलोमीटरच्या आतली पाखरं नष्ट केली आणि दहा किलोमीटरपर्यंत खरेदी-विक्री थांबवली. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले, तपासणीत तोच रोग. राज्यात, आणि देशातही, पहिल्यांदा हा रोग २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात आढळला होता. वर्षं वेगळी, पण महिने बघा: जानेवारी, जानेवारी, फेब्रुवारी. थंडीत विष्ठेतला विषाणू जास्त दिवस टिकतो. चार अंशाला महिन्याहून अधिक, तर सदतीस अंशाला साधारण आठवडाभरच. त्याच काळात जायकवाडीच्या पाण्यावर लांबून आलेली बदकं-हंस उतरलेले असतात. रानबदकाला हा विषाणू बऱ्याचदा त्रास न देता पोटात राहतो आणि विष्ठेतून पाण्यात पडतो. कोंबडीला मात्र तो एक-दोन दिवसांत झोपवतो. पक्ष्यांवर राग काढून उपयोग नाही, त्यांना हाकलूनही काही होत नाही. आपलं पाण्याचं भांडं झाकायचं.

आता सासूबाई. सगळ्यात आधी हे ध्यानात घ्या, की त्यांना ताप आहे आणि कोंबड्या मेल्या आहेत म्हणजे त्यांना बर्ड फ्लूच झालाय असं नाही. माणसांचा नेहमीचा फ्लू वेगळा असतो, इन्फ्लुएंझा ए आणि बी. २००९ ची स्वाइन फ्लूची साथ आणून पुढे कायमचा मुक्काम केलेला एच१एन१ त्यातलाच. आपल्याकडे त्याची चढ पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास येते. कोंबड्यांचा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, माणसाला सहज लागत नाही. पक्ष्याच्या विषाणूला चिकटायला लागणारी जागा माणसाच्या नाक-घशात फार कमी, खोल फुप्फुसात जास्त असते. त्यामुळे आजारी कोंबडी कापताना, सोलताना, शेण-विष्ठा झाडताना भरपूर विषाणू श्वासात गेला तरच बहुधा लागण होते. पण ज्यांना होते, त्यांचं जड जातं. २००३ पासून जगभर नोंदलेल्या रुग्णांत निम्म्याच्या आसपास दगावले. भारतात २०२१ मध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीत गेला, २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची मुलगी गेली. दोघंही लेकरं. म्हणून तुमच्या लेकराची सर्दी साधी वाटली तरी डोळ्याआड करू नका.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरला आपणहून पहिलं वाक्य सांगा, ‘घरी कोंबड्या मेल्या आहेत आणि आम्ही त्यांना हात लावलेला आहे.’ लोक लाजतात किंवा गरज वाटत नाही म्हणून सांगत नाहीत, आणि एवढ्या एका वाक्याने तपासणी बदलते. घशाचा-नाकाचा स्वॅब घेऊन पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवायचा की नाही, हे डॉक्टर त्यावरून ठरवतील. ज्यांनी कोंबड्या हाताळल्या त्या सगळ्यांनी शेवटच्या संपर्कानंतर दहा दिवस रोज ताप बघावा.

सरकारी मार्गदर्शनात फ्लूच्या रुग्णांचे तीन गट केलेत आणि ते फार कामाचे आहेत. हलका ताप, खोकला, अंगदुखी, बाकी तब्येत चांगली, अशा माणसाने घरी राहायचं, पाणी-पेज-सूप प्यायचं, तापाला पॅरासिटामॉल घ्यायचं आणि इतरांपासून दूर राहायचं. त्याला फ्लूची तपासणीही लागत नाही आणि ऑसेल्टामिविरही, म्हणजे तुम्ही विचारलेली फ्लूची गोळीही, लागत नाही. दुसऱ्या गटात जोरदार ताप असलेले, किंवा साधा ताप असला तरी वय पासष्टच्या पुढे, शुगर, दमा, हृदयरोग, किडनीचा आजार, गरोदर बाई, पाच वर्षांच्या आतलं बाळ. यांना ऑसेल्टामिविर द्यायची असते. सासूबाई सरळ या गटात बसतात. तिसऱ्या गटात दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी, बेडक्यात रक्त, ओठ-नखं निळी. त्यांना घरी ठेवायचंच नाही, थेट रुग्णालयात. कोरोनातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात पडलं असेल तर काढा. चौऱ्याण्णवच्या खाली आकडा दिसला तर गाडी बघा. लेकरात बरगड्या आत ओढल्या जातायत का, दूध-पाणी बंद झालंय का, ते बघा. आणि ताप एकदा उतरून तीन-चार दिवसांनी पुन्हा चढला तर न्यूमोनियाची शंका घ्या.

ऑसेल्टामिविरचं काम विषाणूला नव्या पेशीत पसरू न देण्याचं असतं, म्हणून ती पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाली तर सर्वांत उपयोगी. सासूबाईंचा ताप कालपासून आहे, म्हणजे अजून वेळ आहे. घाई करा असं मी म्हणतोय ते यासाठी. मोठ्या माणसाला साधारण ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. किडनीचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते आणि जुन्या शुगरमध्ये किडनी बघावीच लागते, म्हणून डॉक्टरशिवाय नको. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नये. घरातल्या धडधाकटांनी ‘असू द्यावी’ म्हणून खाऊ नये. कोंबड्यांचा अहवाल वाईट आला तर हाताळणाऱ्यांना बचावासाठी ती द्यायची का, ते आरोग्य विभाग ठरवतो. लेकराला ॲस्पिरिन कधीही देऊ नका, फ्लूमध्ये त्याने मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

आणि हे कळकळीने सांगतो: तापावर सलाईन लावून, एक अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइडचं इंजेक्शन ठोकून माणूस दोन दिवस ताजातवाना दिसतो. आपल्या गावांत यालाच चांगला डॉक्टर म्हणतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. स्टेरॉइडने ताप दबतो, शुगर भडकते आणि विषाणू आत वाढत राहतो. शुगरवाल्या बाईला फ्लूमध्ये हे फार महागात पडतं. कोणी असं इंजेक्शन काढलं तर कशाचं आहे ते विचारा.

खाण्याबद्दल खाली अनेकांनी विचारलंय, म्हणून सांगतो. सत्तर अंशाला मांस आतपर्यंत शिजलं की विषाणू मरतो, आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी वर उकळतो. बाजारातलं निरोगी चिकन नीट शिजवून खायला भीती नाही. धोका कापण्या-सोलण्यात आहे. आजारी किंवा मेलेली कोंबडी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून कापूच नका. अंडं पिवळं घट्ट होईपर्यंत उकडा. तालमीतल्या पोरांना दुधात कच्चं अंडं फेटून द्यायची सवय सोडवा. तुमच्या उरलेल्या कोंबड्यांची अंडी मात्र अहवाल येईपर्यंत खाऊ नका आणि देऊही नका.

पुढे कधी पुन्हा कोंबड्या धराल तेव्हा सगळ्यात आधी राणीखेतची लस. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचून. ती असली की पुढच्या वेळी मर आल्यावर राणीखेतची शंका मागे पडते आणि कोणीही वेळ घालवत नाही. जास्त घातक बर्ड फ्लूची लस आपल्या देशात कोंबड्यांना देत नाहीत, कोणी विकत असेल तर घेऊ नका. बाजारातून आणलेलं पाखरू तीन आठवडे वेगळं ठेवा. खुराड्यासाठी वेगळी चप्पल ठेवा, दाराशी चुना टाका. दुसऱ्याच्या शेडवर जाऊन आलात तर हातपाय साबणाने धुऊन मगच आत. या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, साबणाने ते फुटतं, म्हणून साधा कपड्याचा साबणही चालतो. करारावर शेड चालवणाऱ्यांनी खाद्याच्या रिकाम्या गोण्या आणि अंड्यांचे ट्रे एका शेडवरून दुसरीकडे फिरवू नयेत. डुकरं खुराड्याजवळ येऊ देऊ नका. डुकराला पक्ष्यांचा आणि माणसांचा दोन्ही फ्लू लागू शकतो, आणि दोन विषाणू एकाच पेशीत शिरले की त्यांच्या आठ जनुकीय तुकड्यांची अदलाबदल होते. २००९ चा एच१एन१ असाच, डुक्कर, पक्षी आणि माणूस तिघांचे तुकडे घेऊन आला होता.

माणसांची फ्लूची लस दरवर्षी बदलते आणि दरवर्षीच घ्यावी लागते. सासूबाईंना बरं वाटल्यावर, पावसाळ्याच्या आधी एप्रिल-मे मध्ये द्या, गावातल्या गरोदर बायकांना आणि पोल्ट्रीवर काम करणाऱ्यांनाही सांगा. ती बर्ड फ्लू रोखत नाही. पण एकाच माणसात दोन्ही विषाणू एकत्र येण्याची शक्यता कमी करते, आणि नेहमीच्या फ्लूने रुग्णालयात जायची वेळही बऱ्याच जणांवर येऊ देत नाही.

लेकराला ताप आला तर शाळेत पाठवू नका. ताप औषधाशिवाय उतरून एक दिवस जाऊ द्या. सासूबाईंना हवेशीर खोलीत वेगळं झोपवा, खिडकी उघडी ठेवा, त्यांच्याजवळ जाणाऱ्याने मास्क लावावा. जेवण-पाणी घरातल्या एकानेच द्यावं, आणि ज्याने कोंबड्यांचं काम केलंय त्याने ते देऊ नये.

पशुवैद्यक आले का, नमुना घेतला का, आणि सासूबाईंचा ऑक्सिजन किती आहे, हे रात्रीपर्यंत इथेच लिहा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची नावंही टाका. लेकीला विचारून लगेच उत्तर देतो.