रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा सगळ्या साच्यातल्याच असतात, तरी लोक त्या का वाचतात?

तुमचं म्हणणं असं, की या प्रकारांतली चार-पाच पुस्तकं वाचली की सहावं वाचल्यासारखंच वाटतं. मग लोक त्यांवर एवढे तुटून का पडतात, आणि अधूनमधून वाचणाऱ्याने या वाटेला जावं का? मी स्वतः अधूनमधून वाचणाऱ्यांपैकीच आहे. कुठल्या लेखकाची भक्त नाही, समीक्षा वगैरे तर माझा प्रांतच नाही. हाती लागेल ते वाचते, नाही रुचलं तर पन्नासाव्या पानावर ठेवून देते आणि त्याचं वाईटही वाटून घेत नाही. तेव्हा हे उत्तर त्याच बेताने घ्या.

साचा असतो, यात वादच नाही. पण माझ्यासारखीला ही पुस्तकं वाचता येतात ती त्या साच्यामुळेच. गंभीर कादंबरी उघडली की हे पुस्तक आपल्याकडून नक्की काय मागतंय, हे कळायलाच तीस-चाळीस पानं जातात. रहस्यकथेत तो प्रश्नच नाही. खून झालाय, कुणीतरी केलाय, शेवटी कळणार आहे. दिवसभर डोकं पिकल्यावर एवढी खात्री पुरते. आर्थर कॉनन डॉयलने तर शेरलॉक होम्सच्या लघुकथा याच हिशेबाने लिहायला घेतल्या. मासिकात क्रमशः कादंबरी चालू असली की एक अंक हुकला की वाचक गळतो. म्हणून नायक तोच ठेवायचा आणि प्रत्येक अंकात गोष्ट पूर्ण करायची, असं त्याने ठरवलं आणि 1891 पासून स्ट्रँड मासिकात त्या कथा येऊ लागल्या. म्हणजे अधूनमधून वाचणारा डोळ्यापुढे ठेवूनच हा प्रकार वाढला. आपण काही चोरवाटेने आत आलेलो नाही.

माझा खरा जीव रहस्यकथेत, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त बोलते. इथला साचा म्हणजे खेळाचे नियम आहेत, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका कॅथलिक धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, 1929 साली खरोखरच दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच कुठेतरी दिसला पाहिजे. भुताखेतांची मदत चालणार नाही. गुप्त खोली किंवा भुयार एकच, त्याहून जास्त नको. जुळा भाऊ आणायचा असेल तर वाचकाला आधी चाहूल द्या. मला सर्वांत आवडतो तो गुप्तहेराच्या मित्राविषयीचा: त्याची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा कमी असावी, पण अगदी किंचितच. (आपल्याला खूश ठेवायची केवढी काळजी!) त्यातल्या एका नियमाने तर कथेत चिनी पात्र आणायलाच बंदी घातली होती. आज वाचताना दचकायला होतं, पण स्वस्त रहस्यकथांमध्ये गूढ चिनी खलनायकांचा तेव्हा इतका सुळसुळाट झाला होता, की ते पात्र दिसलं की कथा टाकाऊ असणार, असा त्याचा रोख होता. जुनी पुस्तकं वाचायला घ्याल तेव्हा परदेशी माणसं, नोकरचाकर, बायका यांच्याबद्दलचे असले पूर्वग्रह भेटतीलच. काही मी पचवते, काही पुस्तकं मिटवून टाकते.

नियम माहीत असूनही आपण फसतो, गंमत सगळी तिथे आहे. फसवतात कसं, ते मी मुद्दाम दोनदा वाचून पाहते. एक उदाहरण रचून सांगते. तपास अधिकारी मृताच्या खोलीत शिरतो. लेखक लिहितो: ‘टेबलावर अर्धवट लिहिलेलं पत्र, चष्म्याचं रिकामं घर आणि सव्वादहाला बंद पडलेलं घड्याळ होतं. खुर्ची उलटी पडली होती. इतक्यात खालून कुणाची तरी किंकाळी ऐकू आली.’ तुम्ही काय धरून बसाल? घड्याळ. बंद पडलेलं घड्याळ दिसलं की वाचक त्यावर झडप घालतो, हे लेखकाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ते ठेवलंय. खरी गोष्ट मधेच दडलीय: घर रिकामं, मग चष्मा कुठे गेला? आणि जवळचं न दिसणारा माणूस चष्म्याशिवाय पत्र लिहीत कसा बसला होता? धागा यादीच्या पोटात ठेवायचा, शेजारी जास्त चमकणारं काहीतरी मांडायचं आणि वाचक विचार करायला थांबायच्या आत किंकाळी फोडायची. दोनशे पानांनंतर उलगडा झाला की आपण मागे जाऊन तपासतो, आणि ते वाक्य तिथे असतंच. ‘अरे, हे तर डोळ्यांसमोर होतं!’ असं वाटतं ना, त्या क्षणासाठी मी बाकीची रटाळ पानं माफ करते.

याउलट, पुस्तक भिंतीवर आपटावंसं कधी वाटतं? गुप्तहेर फोन उचलतो, पलीकडचं बोलणं ऐकून ‘अस्सं!’ म्हणतो, फोन ठेवतो आणि आपल्याला काय ऐकलं ते सांगतच नाही तेव्हा. ही लबाडी झाली. डोळ्यांसमोर ठेवून लपवणं वेगळं आणि खिशात घालून ठेवणं वेगळं. ॲगाथा ख्रिस्तीच्या 1926 सालच्या एका प्रसिद्ध कादंबरीवर वाचक तेव्हा भांडले ते याच मुद्द्यावरून, की हे न्याय्य लपवणं की फसवणूक. माझं मत ख्रिस्तीच्या बाजूने आहे. कारण सांगितलं तर तुमचा शेवट फुटेल, म्हणून नाव-गाव काही देत नाही.

अर्थात शेवट फुटला म्हणून सगळं संपतं असंही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2011 साली बारा लघुकथांवर प्रयोग केला होता. काही वाचकांना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना नाही. ज्यांना सांगितला होता त्यांना कथा किंचित जास्तच आवडल्या! पुढे इतरांनी केलेल्या अभ्यासांत उलटे निकालही आले, त्यामुळे लगेच मित्राला खुनी कोण ते सांगायला धावू नका. पण मला स्वतःला ते पटतं. एखादी चांगली रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचताना खुन्याचं प्रत्येक साधं वाक्य वेगळं ऐकू येतं. ‘मला उशीर झाला, माफ करा’ एवढंच तो म्हणतो आणि आपण मनात हसतो.

थरारकथांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. प्रकरणं तीन-तीन पानांची, आणि प्रत्येकाचा शेवट ‘त्याने दार उघडलं आणि त्याचा श्वासच अडकला’ असा. पान उलटावं तर दारात शेजारी उभा. एकदा चालतं, दहाव्यांदा नाही. तरी रात्री दीडपर्यंत जागवतात याच, तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

भयकथा मला अर्ध्यापर्यंत फार आवडतात. जिन्यावर पावलं वाजतायत, वर कुणी राहत नाही, तोवर उत्तम. ते जे काही आहे ते एकदा पूर्ण दिसलं आणि त्याचा इतिहास, शाप, उतारा हे समजावून सांगणं सुरू झालं की माझी भीती पळते; मग उरतो नुसता बंदोबस्त. ब्रॅम स्टोकरची 1897 सालची ‘ड्रॅक्युला’ अजून टिकलीय याचं कारण मला हेच दिसतं. सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रं, वर्तमानपत्रांतली कात्रणं यांतून उलगडते, आणि सुरुवातीची ड्रॅक्युला या रक्तपिपासू सरदाराच्या वाड्यातली प्रकरणं सोडली तर तो स्वतः फारसा समोर येतच नाही. एकाच्या रोजनिशीत जे किरकोळ म्हणून नोंदलंय, त्याचा अर्थ दुसऱ्याच्या पत्रामुळे आपल्याला आधी कळतो आणि त्या माणसाला कळत नाही. खरी धास्ती तिथे बसते. लघुकथेला भय जास्त मानवतं असं माझं मत, कारण समजावून सांगायला तिथे जागाच नसते.

विज्ञानकथेबद्दल तुमच्या मनात ‘आपल्याला विज्ञान कुठे येतं’ ही धाकधूक असेल तर ती काढून टाका. मेरी शेलीने ‘फ्रँकेनस्टाइन’ लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. 1818 साली पुस्तक आलं, आणि त्यात तो जीव घडवला कसा याचा तपशील जवळजवळ नाहीच. घडवून झाल्यावर त्याला वाऱ्यावर सोडणाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न आहे. विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्हचे, यंत्रमानवांनी कसं वागावं याचे तीन नियम 1942 सालच्या एका कथेत पहिल्यांदा स्पष्ट मांडले गेले, आणि नंतरच्या कितीतरी गोष्टी त्या नियमांच्या फटींतून निघाल्या. नियम पाळूनच यंत्र विचित्र वागतं, मग का वागतं ते शोधा. हीसुद्धा रहस्यकथाच झाली. माझी तक्रार एकच: दोन शास्त्रज्ञ एकमेकांना ‘तुला तर माहीतच आहे की’ म्हणून दोघांनाही माहीत असलेलं पानभर सांगत बसतात, तेव्हा मी सरळ पुढच्या परिच्छेदावर उडी मारते. काही अडत नाही.

प्रेमकथांमध्ये शेवट मुखपृष्ठावरूनच कळतो, त्यामुळे तिथे पाहायचं ते दोघांना इतका वेळ लांब ठेवलंय कशाने. एका फोनने मिटला असता असला गैरसमज असेल तर मी सोडून देते. दोघांच्या स्वभावातच काही अडत असेल तर वाचते.

मग सुरुवात कुठून करायची? कादंबरीऐवजी कथासंग्रह घ्या, एका बैठकीत एक गोष्ट होते आणि पुढची महिन्याने वाचली तरी चालतं. मागच्या वेष्टनावरचा मजकूर वाचू नका, बऱ्याचदा त्यातच अर्धं गुपित फोडलेलं असतं. गुप्तहेराच्या मालिकेतलं पहिलंच पुस्तक शोधत बसायची गरज नाही, मधलं कुठलंही उचला. फक्त सुरुवातीला नकाशा आणि शेवटी राजघराण्यांची यादी असलेली जाडजूड अद्भुत कादंबरी हाती आली, तर तिचा शेवटचा खंड बाहेर आलाय का, एवढं आधी बघून घ्या.